स्पेनला जाण्याआधी रेवदंडा

हे मनन चालत करायचं आहे, डोळे उघडे ठेवून, आणि जमलं तर रेवदंड्यातच. अलिबागहून मुरूडच्या रस्त्याला लागलं की नागाव मागे पडतं, चौलच्या वाड्या मागे पडतात आणि सतरा-अठरा किलोमीटरवर रस्ता एका जाड, काळपट तटातून आत शिरतो. तिथे उतरायचं. येणं शक्य नसेल तर घरी निवांत बसा आणि मनाने या. वाचता वाचता जिथे थांबायला सांगितलं असेल तिथे खरंच थांबा. पुढची ओळ कुठे पळून जात नाही.

आपल्याकडे अलीकडे स्पेनची ओढ फार वाढली आहे. 2011 साली ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ आला आणि तिथले रस्ते, टोमॅटोंचा उत्सव, समुद्रकिनारे घरोघरी पोहोचले. आता निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपपासून नव्या जोडप्यांपर्यंत अनेकजण माद्रिद, टोलेडो, कोर्डोबा, सेव्हिल, ग्रॅनडा, बार्सिलोना अशी यादी हातात घेऊन निघतात. ओढ चांगलीच आहे, माणसाने जग पाहावं. पण दहा दिवसांत सहा शहरं पाहून आलेल्या कितीतरी जणांच्या बोलण्यात शेवटी रांगा, बसचे टप्पे आणि जेवणाची आबाळ एवढंच उरतं. शहर पाहायचं कसं, याचा सराव आधी आपल्या किनाऱ्यावर करावा असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी रेवदंडा निवडायचं कारणही साधं आहे. हे गाव साठ वर्षं स्पेनच्या राजाच्या सत्तेखाली होतं.

तटापाशी

रस्त्याच्या कडेला या आणि तटाच्या दगडावर तळहात ठेवा. दुपारची वेळ असेल तर दगड चांगलाच तापलेला असेल, सकाळ असेल तर दमट लागेल. दरजांमधला चुना बोटाला लागतो का पाहा. एखाद्या फटीत पिंपळाचं रोप उगवलेलं असेल, त्याच्या मुळाने दगड किती सरकवला आहे तेही पाहा. एवढ्याला दोन मिनिटं द्या. फोन खिशातच राहू दे.

आता या दगडाचं वय मनात आणा. 1516 पासून पोर्तुगीजांची इथे वखार होती. 1521 साली अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने त्यांना किल्ला बांधायची परवानगी दिली. त्याआधी 1508 मध्ये याच बंदरात इजिप्तहून आलेल्या ममलुक आरमाराने आणि गुजरातच्या मलिक अयाझने मिळून पोर्तुगीजांना हरवलं होतं, आणि व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो त्या लढाईत मारला गेला होता. 1570 च्या अखेरीस मुर्तझा निजामशहाने वेढा घातला आणि तो पुढचे कित्येक महिने चालला. गाव पडलं नाही. 1683 मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने वेढा दिला, तेव्हाही तट टिकला. पोर्तुगीजांच्या वसईतल्या पराभवानंतर, 1740 मध्ये, तो तहाने मराठ्यांकडे आला.

एवढ्या सगळ्या वर्षांत हा तट एकाच कामासाठी उभा होता: बाहेरच्याला बाहेर ठेवण्यासाठी. तुम्ही आणि मी त्या काळी आलो असतो तर याच भिंतीसमोर अडलो असतो, आणि दरवाजावरचं पोर्तुगालचं राजचिन्ह खालून मान वर करून पाहिलं असतं. आज डांबरी रस्ता तटाला भेदून जातो आणि एसटी विनाथांबा आत शिरते.

या मननासाठी एकच वाक्य सोबत घ्यायचं आहे. ते आता मनाशी म्हणा: हे माझ्यासाठी बांधलेलं नाही, तरी मला इथे येऊ दिलं आहे.

थांबा. वाक्य दोनदा, तीनदा मनात फिरू द्या. त्यात खंत वाटून घेण्यासारखं काही नाही. पुढे जिथे जिथे जाल तिथे पाऊल किती जोरात टाकायचं हे ते वाक्य तुम्हाला सांगेल.

न पाहिलेला राजा

आत चालू लागा. दोन्ही बाजूंना माड, पोफळी, कौलारू घरं, मधूनच एखादी ओसाड भिंत. चालता चालता माद्रिदचा विचार करा.

1578 मध्ये पोर्तुगालचा तरुण राजा सेबास्तियन मोरोक्कोतल्या लढाईत मारला गेला. त्याला मूल नव्हतं. त्याच्यामागून गादीवर बसलेला म्हातारा कार्डिनल दोनच वर्षांत गेला, आणि स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने नात्याचा हक्क सांगत, सैन्य घेऊन, पोर्तुगालचं सिंहासन मिळवलं. 1581 मध्ये तोमार गावी भरलेल्या सभेने त्याला राजा म्हणून मान्यता दिली. अट अशी की पोर्तुगालचे कायदे, नाणी, कारभार आणि अधिकारी पोर्तुगीजच राहतील. त्यामुळे इथल्या वेशीवरचं चिन्ह बदललं नाही, कचेरीतली भाषा बदलली नाही, हुकूम पूर्वीसारखे गोव्याहूनच येत राहिले. पण त्या हुकमांच्या वर बसलेला माणूस आता माद्रिदचा होता. 1640 च्या डिसेंबरात लिस्बनने बंड करून स्वतःचा राजा बसवला, तोपर्यंत फिलिप नावाच्या तीन राजांनी, आजोबा, मुलगा आणि नातू यांनी, एकापाठोपाठ एक या गावावर राज्य केलं. टोलेडो, सेव्हिल, नेपल्स, लिस्बन, मेक्सिको, मनिला या शहरांच्या ओळीत साठ वर्षं चौलचंही, म्हणजे तेव्हाच्या या रेवदंड्याचंही, नाव होतं.

त्यांच्यातल्या एकानेही हे गाव पाहिलं नाही. लिस्बनहून वसंतात निघालेलं जहाज सारं काही नीट झालं तर सहा महिन्यांनी गोव्याला लागायचं. प्रश्न विचारून उत्तर हाती यायला दीड-दोन वर्षं सहज जात. चौलच्या कप्तानाने एखाद्या संकटाबद्दल लिहावं आणि राजाचा सल्ला येईपर्यंत त्या संकटाचा निकाल लागून गेलेला असावा, असा तो काळ होता.

इथे थोडं रेंगाळा. ज्याच्या नावावर हे शहर होतं त्याला इथल्या खाडीचा वास ठाऊक नव्हता. खाडीवर राबणाऱ्या माणसाला राजाचा चेहरा ठाऊक नव्हता. शहर खरं कुणाचं होतं? उत्तर लगेच द्यायचं नाही. आपण स्पेनमध्ये एखाद्या राजवाड्यात उभे राहतो तेव्हा मार्गदर्शक राजांची नावं सांगतो आणि आपण ती लिहून घेतो. त्या वाड्याचं पाणी कुणी भरलं, हे आपण विचारत नाही. पुढच्या वेळी विचारून पाहा.

मनोऱ्याखाली

वाड्यांमधून थोडं आत गेलं की सातखणी मनोरा दिसतो. फ्रान्सिस्कन साधूंच्या चर्चचा हा मनोरा. लोक अजून सातखणी म्हणतात, वरचे खण मात्र केव्हाच ढासळले. आजूबाजूला डोमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन साधूंच्या मठांचे अवशेष विखुरलेले आहेत. सेंट फ्रान्सिस झेवियरच्या नावाचं छोटं प्रार्थनाघर आहे. कधी काळी इथे नगरपालिका होती, विधवा, अनाथ आणि आजारी माणसांची सोय पाहणारी मिझेरिकॉर्दिया ही धर्मादाय संस्था होती, रस्ते होते, बाजार होता.

मनोऱ्याच्या सावलीत बसा. आता सेव्हिलचा हिराल्दा मनोरा डोळ्यांसमोर आणा. तो बाराव्या शतकाच्या शेवटी मशिदीचा मिनार म्हणून उभा राहिला. शहर ख्रिस्ती राजांकडे गेल्यावर मशिदीच्या जागी कॅथेड्रल आलं, मिनार मात्र ठेवला गेला आणि 1568 मध्ये त्याच्या डोक्यावर घंटांचा मजला चढवला. आत पायऱ्यांऐवजी चढण आहे, घोड्यावर बसून वर जाता यावं अशी. आज लोक तिकीट काढून चढतात आणि वरून शहर पाहतात.

दोन मनोरे, दोघांचे धनी बदललेले. सेव्हिलच्या मनोऱ्याला नव्या धन्याने काम दिलं म्हणून तो राखला गेला. रेवदंड्याच्या मनोऱ्याला नंतर कुणाचंच काम उरलं नाही. मराठ्यांना खाडी आणि किल्ला हवा होता, मुंबई वाढत गेली तसा व्यापार तिकडे सरकला, आणि ओसाड मठांच्या अंगणात लोकांनी माड लावले. कुणी मुद्दाम वैर धरून हा मनोरा पाडलेला नाही. त्याच्यात घंटा वाजवणारं कुणी राहिलं नाही, एवढंच.

वर पाहा. मोकळ्या खिडक्यांतून आकाश दिसतं. आपण ज्याला जतन म्हणतो त्यात दगडाइतकाच वापराचा वाटा असतो, हे इथे बसून जितकं स्पष्ट कळतं तितकं सेव्हिलच्या गर्दीत कळत नाही.

वाडीतलं पाणी

आता उठा आणि एखाद्या नारळी-पोफळीच्या वाडीच्या कडेने चाला. आत पाऊल टाकायचं तर आधी हाक मारा. वाडी कुणाची तरी असते, आणि “काका, जरा बघू का?” एवढं विचारलं की बहुतेक वेळा आत बोलावतात.

1583 मध्ये राल्फ फिच नावाचा इंग्रज व्यापारी इथून गेला, म्हणजे स्पेनच्या राजाची सत्ता सुरू होऊन दोनच वर्षं झाली होती. त्याने दोन गावांची नोंद केली. समुद्राकडचं तटबंद गाव पोर्तुगीजांचं, आणि त्याच्या थोडं वर निजामशहाचं. बाजारात मसाले, रेशीम, चंदन, हस्तिदंत, चीनचा माल. पण एवढं ऐश्वर्य पाहून त्याला सगळ्यांत थक्क केलं ते नारळाच्या झाडाने. जगात याहून उपयोगी झाड नाही असं त्याने लिहून ठेवलं.

फिचने पाहिलेल्या बाजाराचं आज काही उरलेलं नाही. झाड मात्र आहे. वाडीत उभं राहून बघा: पोफळीच्या खोडाभोवती गोल आळं, त्याला जोडणारा मातीचा अरुंद पाट, आणि पाटातून सरकणारं पाणी. पाणी पुढच्या आळ्यात सोडायचं असलं की फावड्याच्या एका फटक्याने मातीचा बांध इकडचा काढून तिकडे लावायचा. वाळकं पान पाटात अडकतं, पाणी क्षणभर फुगतं, मग बाजूने वाट काढतं. एवढंच पाहत राहा. एक आळं भरेपर्यंत हलू नका.

कोर्डोबाच्या मोठ्या मशिदीच्या अंगणातही असंच दृश्य आहे. तिथे संत्र्यांची झाडं ओळीने लावलेली आहेत आणि दगडात कोरलेल्या अरुंद पाटांनी ती एकमेकांना जोडलेली आहेत. 785 च्या सुमारास पहिल्या अब्दुर्रहमानने ती मशीद बांधायला घेतली, पुढच्या दोनशे वर्षांत ती वाढत गेली. 1236 मध्ये शहर ख्रिस्ती राजाने जिंकलं आणि तिचं कॅथेड्रल झालं. सोळाव्या शतकात लाल-पांढऱ्या कमानींच्या मधोमध चर्चचं उंच दालन उभं केलं गेलं. लोक आत जायच्या घाईत अंगणातून झपाझप जातात. तुम्ही कधी गेलात तर आधी अंगणात बसा. पाटाकडे पाहा. तुम्हाला ते पाणी ओळखीचं वाटेल, कारण तुम्ही रेवदंड्याच्या वाडीत ते वाहताना पाहिलेलं असेल. परक्या शहराशी ओळख अशा एखाद्या रोजच्या गोष्टीतून होते, आणि ती झाली की त्या शहराच्या मोठमोठ्या इमारतीही तुमच्याशी बोलू लागतात.

हे माझ्यासाठी बांधलेलं नाही, तरी मला इथे येऊ दिलं आहे. वाडीवाल्याला धन्यवाद द्या, शहाळं प्या, त्याने सांगितलेले पैसे घासाघीस न करता द्या आणि पुढे चला.

प्रार्थनेच्या जागा

आता मनाला जड जाईल अशी गोष्ट. तिच्यासाठी सावली शोधा.

स्पेनच्या शहरांत जे सुंदर आहे त्याच्या पोटात मोठं दुःख आहे. 1492 मध्ये ग्रॅनडाचं शेवटचं मुस्लिम राज्य संपलं आणि त्याच वर्षी ज्यूंना धर्म बदला नाहीतर देश सोडा असा हुकूम निघाला. टोलेडोत सांता मारिया ला ब्लांका नावाची शुभ्र कमानींची वास्तू पाहायला लोक जातात. ती सिनेगॉग म्हणून बांधलेली, पुढे चर्च झालेली. तिथे प्रार्थना करणाऱ्यांच्या वंशजांना घर सोडून जावं लागलं. 1609 पासून तिसऱ्या फिलिपने मोरिस्को, म्हणजे ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांचे वंशज, यांना देशाबाहेर काढलं. हाच फिलिप त्या वर्षी रेवदंड्याचाही राजा होता.

इथेही सगळं गोड नव्हतं. गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशनचं न्यायालय होतं आणि पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या सगळ्या ठाण्यांवर त्याचा अंमल होता. पण तटाबाहेर, हाकेच्या अंतरावर, दुसरं चौल होतं, निजामशहाचं. तिथे रामेश्वराचं देऊळ होतं, मशीद होती, हमामखाना होता. आणि या साऱ्या किनाऱ्यावर, नवगावापासून रेवदंड्यापर्यंत, बेने इस्रायल समाज तेलाचे घाणे चालवत, शनिवार पाळत, मराठी बोलत राहत होता. रेवदंड्यात त्यांचं सिनेगॉग आजही उभं आहे. 1948 नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, पण त्यांना इथून कुणी हाकललं नव्हतं. त्यांची मुलं-नातवंडं अजून घरं पाहायला या किनाऱ्यावर येतात, शेजाऱ्यांकडे उतरतात.

चौलला रामेश्वराच्या देवळात जा, पुष्करणीच्या काठी बसा. मग रेवदंड्याच्या सिनेगॉगवरून सावकाश चालत या. मनात टोलेडोही राहू द्या. जिथे जिथे सुंदर वास्तू पाहाल तिथे हा प्रश्न हळूच विचारा: इथे आधी कोण होतं, आणि ते गेले कसे? प्रश्न दोष देण्यासाठी नाही. ज्यांना स्वतःच्या घरात राहू दिलं गेलं नाही त्यांची आठवण पाहुण्याने तरी ठेवावी, म्हणून आहे.

थोडा वेळ काही न बोलता बसा.

आपल्याकडे पाहणारे

समुद्राच्या बाजूला जा. सुरूची झाडं, काळसर वाळू. शनिवार-रविवार असेल तर गाड्या, घोडागाड्या, भेळवाले, मुलांचा गलका. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाल्यापासून गाडीसकट येणं सोपं झालं आहे.

1469 च्या सुमारास रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी अफनासी निकितिन या बंदरात उतरला. पोर्तुगीजही अजून यायचे होते. त्याच्याजवळ विकायला आणलेला एक घोडा होता. तो जिथे जाईल तिथे लोक त्याच्या मागे मागे जात आणि गोऱ्या माणसाकडे नवलाने पाहत, असं त्याने लिहून ठेवलं. इथून तो जुन्नरला गेला, तिथे त्याचा घोडा सरदाराने काढून घेतला. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे.

प्रवासी पाहायला आला, आणि गाव त्याला पाहत राहिलं. ही गोष्ट आपण हमखास विसरतो. कॅमेरा आपल्या हातात असतो म्हणून आपल्याला वाटतं की पाहणारे फक्त आपण. आता किनाऱ्यावर उभं राहून उलट पाहा: जाळं सांधत बसलेल्या कोळ्याला तुम्ही कसे दिसत असाल? ओट्यावर सुपारी सोलणाऱ्या आजींना? पाणवठ्याजवळ गाडी लावून मोठ्याने गाणी वाजवणारा माणूस त्यांना कसा दिसत असेल?

स्पेनमध्ये 2024 साली जवळपास 9 कोटी 40 लाख परदेशी पर्यटक आले. देशाची लोकसंख्या 5 कोटींच्याही आत आहे. त्या उन्हाळ्यात बार्सिलोनात लोक रस्त्यावर उतरले, उपाहारगृहांत बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. भाडी परवडेनाशी झाली, घरं पर्यटकांना देण्यासाठी रिकामी करवली गेली, लहानपणापासूनच्या गल्लीत राहणं अशक्य झालं, ही त्यांची तक्रार. पार्क ग्वेलला जाणारी 116 नंबरची छोटी बस पर्यटकांनी इतकी भरून जाई की तिथल्या म्हाताऱ्या माणसांना घरी जायला जागा मिळेना. शेवटी ती बस गुगलच्या नकाशावरून काढायला लावली. 2028 च्या अखेरीपर्यंत पर्यटकांना भाड्याने देण्याच्या घरांचे परवाने बंद करू, असं महापौरांनी जाहीर केलं आहे.

त्या बसथांब्यावर उभ्या असलेल्या एखाद्या आजींचा विचार करा. हातात बाजाराची पिशवी, समोरून भरलेली बस निघून जाते. मग अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर रविवारी संध्याकाळी अडकलेल्या रुग्णवाहिकेचा विचार करा. आपण दोन्हीकडे तेच असतो, गर्दीतला एक. गर्दी म्हणजे नेहमी दुसरेच लोक, असं मानणं सोपं जातं. ते मानणं आज इथे ठेवून द्या.

खाडीपलीकडे

शेवटचा टप्पा. साळावच्या पुलावरून कुंडलिकेची खाडी ओलांडा. उजव्या हाताला समुद्रात घुसलेला लांबट डोंगर दिसतो, तो कोर्लई. निजामशाहीने त्या डोंगरावर तोफा चढवल्या आणि रेवदंड्याला हैराण केलं. 1594 मध्ये पोर्तुगीजांनी मोठी चढाई करून तो घेतला. तेव्हा माद्रिदला दुसरा फिलिप म्हातारा होत आला होता.

चढण चढा. अरुंद माथा, एकामागून एक दरवाजे, पाण्याचं टाकं, पडकं चर्च, कोरीव दगड. खाली दीपगृह आणि कोर्लई गाव, रंगीत होड्या, बांबूच्या दांड्यांवर वाळणारे बोंबील. वाऱ्याबरोबर सुकटीचा वास वर येतो.

गावातल्या ख्रिस्ती वस्तीत आजही काही शे घरं अशी आहेत जिथे आई मुलाला जेवायला बोलावते ती ‘नोलिंग’मध्ये, म्हणजे जुन्या पोर्तुगीज आणि मराठीच्या संसारातून जन्मलेल्या बोलीत. 1740 नंतर पोर्तुगीज निघून गेले. कप्तान, सैनिक, कुणीच मागे राहिलं नाही. सैनिकांशी संसार केलेल्या इथल्याच बायकांची आणि बाटून ख्रिस्ती झालेल्या इथल्याच माणसांची लेकरं राहिली, आणि भाषा त्यांच्यापाशी राहिली. भोवती सगळं मराठी असताना, कुणी शाळेत शिकवत नसताना, पावणेतीनशे वर्षं ती चुलीपाशी जगली. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर ग्रंथ लिहिला, तो 1996 मध्ये प्रसिद्ध झाला.

इथे मात्र नीट ऐका. ही भाषा ऐकायला मिळावी म्हणून कुणाच्या दारात उभं राहून “बोलून दाखवा ना” असं म्हणू नका. माउंट कार्मेलच्या चर्चपाशी, होडीच्या धक्क्यावर, दुकानात, रोजचे व्यवहार करता करता कानावर पडली तर पडू द्या. नाही पडली तरी चालेल. तीन राजांचं साम्राज्य जिथे टिकलं नाही तिथे जे टिकलं, ते कुणाला दाखवण्यासाठी टिकलेलंच नव्हतं. स्वतःच्या माणसांशी बोलण्यासाठी टिकलं होतं.

माथ्यावर बसा आणि दोन्ही बाजू पाहा: इकडे खाडीपार रेवदंड्याची माडांत बुडालेली तटबंदी, तिकडे कोर्लईची कौलं. श्वास शांत होऊ द्या. वाक्य पुन्हा एकदा म्हणा: हे माझ्यासाठी बांधलेलं नाही, तरी मला इथे येऊ दिलं आहे.

सोबत न्यायचं ते

आता स्पेनला खुशाल जा. अल्हाम्ब्राच्या नासरी राजवाड्यांच्या तिकिटावर आत जायची वेळ छापलेली असते, ती पाळा. पण उरलेल्या दिवसावर कुणी वेळ छापलेली नाही, तो तुमचा आहे. सहा शहरांऐवजी दोन घ्या. एका शहरात तीन सकाळी एकाच चौकात, एकाच बाकावर बसा, जिथे तिथली माणसं नातवंडांना घेऊन येतात. राहायला जागा निवडताना विचारा की या घरातून कुणाला बाहेर काढलेलं तर नाही ना. दुकानात शिरताना आधी नमस्कार करा, तिथे ‘ओला’ म्हणतात, मग वस्तू बघा. चर्चमध्ये प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर बसून ती संपू द्या, आणि त्या वास्तूत आधी कुणाची प्रार्थना होत होती तेही आठवा. पहिला तासभर फोटो काढू नका.

आणि अलिबाग, रेवदंडा, कोर्लई, काशीद इथे शनिवारी येतानाही हेच करा. आपण सेव्हिलला जितक्या जपून चालतो तितकंच जपून रेवदंड्याच्या वाडीत चाललो, तर स्पेनला जायची आपली तयारी झाली असं समजावं. स्पेनला शिस्तीत वागणारा माणूस आपल्या किनाऱ्यावर बाटल्या टाकून जातो, तेव्हा तिथली शिस्त दंडाची होती, आदराची नव्हती. आदर असेल तर तो घरापासून सुरू होतो आणि दूरवर पुरतो.

परक्या शहराने आपल्याला आत घेणं ही त्या शहरातल्या माणसांनी रोज नव्याने केलेली मेहरबानी आहे. तिकिटाचे पैसे त्या मेहरबानीची किंमत नव्हेत. ती फेडायची झाली तर एकाच रीतीने फेडता येते: आपल्या गावी येणाऱ्या परक्यालाही तसंच आत घ्यायचं, आणि आपण परके असू तिथे यजमानाचं जगणं सुरळीत चालू राहील एवढीच जागा व्यापायची.